वॉटरबेस रंगाने छापताना स्क्रीन मधेच चोक होते: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

पहिले दहा-पंधरा नग झकास उतरतात. मग जाळीची भोकं बुजतात, म्हणजे स्क्रीन चोक होते, आणि नक्षीतल्या बारीक रेघा तुटायला लागतात. स्क्वीजीवर, म्हणजे रंग ओढायच्या रबरी पट्टीवर, हाताचा जोर वाढतो, तरी रेघ येत नाही म्हणून पेस्टमध्ये पाणी पडतं, आणि पुढच्या नगावर रेघ येते ती फुगून, कडेला ओघळ घेऊनच. जोर आणि पाणी हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत. उलट त्यांच्यामुळे मूळ बिघाड कुठे होता हे कळायचा मार्गही बंद होतो.

हे लिखाण सुती, खादी, लिनन आणि टसरसारख्या कापडावर पिगमेंट (रंगद्रव्य) आणि बाइंडर (ते कापडाला धरून ठेवणारा पदार्थ) यांच्या पेस्टने हाताने छापणाऱ्यांसाठी आहे. रिअॅक्टिव्ह डाय आणि अल्जिनेटच्या पेस्टचं गणित वेगळं असतं, ते इथे लावू नका.

लक्षणं

स्क्रीन चोक झाली एवढं म्हणून भागत नाही. कधी झाली आणि कुठे झाली, यावर पुढचं सगळं ठरतं.

- सुरुवात चांगली, नंतर आधी बारीक रेघा आणि ठिपके जातात, भरीव भाग शाबूत: रंग जाळीत वाळतोय.
- चहाला किंवा जेवायला उठून आल्यावर पहिले तीन-चार नग फिके: हेही वाळणंच, पण दोष कामाच्या पद्धतीत आहे.
- पहिल्याच नगापासून ठरावीक जागा कोरी: रंगाचा दोष नाही, स्क्रीन बनवताना इमल्शन (नक्षीबाहेरची जाळी बंद करणारा, उजेडाने पक्का होणारा लेप) आत राहिलंय किंवा जुनी नक्षी काढताना जाळी नीट साफ झालेली नाही.
- कोरे ठिपके प्रत्येक नगावर जागा बदलतात किंवा हळूहळू वाढत जातात, आणि कापड खादी आहे: कापडाचा भुसा.
- एका नगावर अचानक लांब ओरखडा येतो आणि मग तिथेच राहतो: पेस्टमधली गुठळी किंवा वाळलेली साय.
- संपूर्ण नक्षी एकसारखी फिकी, पण उजेडात जाळी स्वच्छ: ही स्क्रीन चोक नाही. पेस्ट जाड आहे किंवा स्क्वीजीची धार गेलीये.

हे का होतं

बाइंडर म्हणजे पाण्यात तरंगणारे अॅक्रिलिकचे सूक्ष्म कण. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून पातळ पापुद्रा होतो, आणि तो पाण्यात पुन्हा विरघळत नाही. कापडावर आपल्याला नेमकं हेच हवं असतं, म्हणून तर छपाई धुण्यात टिकते. पण तीच गोष्ट जाळीच्या भोकात झाली की ते भोक गेलं. बारीक रेघेत रंग थोडा आणि हवा लागणारा पृष्ठभाग त्या मानाने जास्त, म्हणून ती आधी बुजते. सुरुवातीच्या काही मिनिटांत ओल्या फडक्याने जे सुटतं, त्याला अर्ध्या तासाने रसायन लागतं.

१. जाळी उजेडात धरा

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. स्क्रीन खिडकीकडे धरून बुजलेली जागा पाहा. कापडाचे धागे मोजायची काच जवळ असेल तर उत्तम. अडथळा रंगाच्याच छटेचा असेल तर रंग वाळलाय. फिकट, इमल्शनच्या छटेचा किंवा चकचकीत पापुद्रा असेल तर थेट मुद्दा ८ वर जा, मधलं काही करून उपयोग नाही. जाळीच्या खालच्या अंगाला ओलं बोट फिरवल्यावर लव हाताला लागली तर मुद्दा ४.

ही पायरी टाळून पेस्टशी खेळत बसणाऱ्यांचा अर्धा दिवस जातो.

२. वारा, ऊन आणि गरम टेबल

डोक्यावरचा पंखा बंद करा. एवढ्यानेच प्रश्न सुटण्याचं प्रमाण बरंच आहे. पंख्याचा वारा जाळीच्या दोन्ही अंगांना लागतो आणि स्क्रीन उभी करून ठेवली असेल तर आणखीच. छापलेलं कापड सुकवण्यासाठी पंखा लागत असेल तर तो वाळवणीच्या दोरीकडे वळवा, टेबलाकडे नको.

काचेचं आर्द्रतामापक यंत्र भिंतीवर लावा. साधं डायलचं चालतं. ५० ते ६५ टक्के आर्द्रता असेल तर काम सुखाने होतं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी पारा ४२ च्या पुढे आणि हवा कोरडी ठक्क असते, तेव्हा दोन-तीन मिनिटांची खोटीही बारीक नक्षीला पुरते. तिथे कूलर चालवावाच, मात्र झोत स्क्रीनवर येऊ देऊ नका. खोलीची हवा ओली करणं हा हेतू आहे, वारा घालणं नव्हे. जमिनीवर पाणी मारणं आणि खिडकीला वाळ्याचा पडदा हेही तितकंच कामाचं. छपाई सकाळी सात ते अकरा उरकून दुपारी क्युरिंगला (छपाई उष्णता देऊन पक्की करायला) बसणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

दोन रंगांच्या मधे हीट गन किंवा फ्लॅश (रंग झटपट सुकवणारा हीटर) लावत असाल तर खालचं टेबल तापतं आणि पुढची स्क्रीन त्याच गरम जागेवर टेकते. टेबलाला तळहात लावून पाहा. कोमट लागला तरी थांबा.

३. हात थांबतोय का, आणि फ्लड होतोय का

फ्लड म्हणजे छापून झाल्यावर स्क्रीन किंचित उचलून, अगदी हलक्या हाताने, रंगाचा थर पुन्हा नक्षीवर ओढून ठेवणं. भोकं ओल्या रंगाने भरलेली राहतात आणि वरचा थर त्यांना झाकून ठेवतो. स्क्रीन कापडावर टेकलेली असताना फ्लड केला तर रंग खाली उतरतो आणि कडा फुगतात, म्हणून आधी उचला. थर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा हवा. भोकं दिसत असतील तर तो फ्लड नव्हे.

वेळ कुठे जातोय ते पाहा. कापड अंथरणं, सुरकुती काढणं, खूण जुळवणं हे सगळं स्क्रीन कोरडी ठेवून होत असेल तर तो क्रम बदला: छापा, फ्लड करा, मग कापड बदला. दोन माणसं असतील तर एकाने फक्त कापड पाहावं. अर्ध्या मिनिटात एक नग ही चाल साधली की निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

पाच मिनिटांपर्यंत थांबायचं असेल तर जाड फ्लड करून वर ओलं वर्तमानपत्र अंथरा. त्याहून जास्त असेल तर स्क्रीन धुऊनच उठा. जेवणाची सुटी स्क्रीन झाकून काढता येत नाही.

पाण्याचा फवारा जपून वापरा. केस कापणाऱ्याकडे असतो तसा बारीक तुषाराचा पंप, आणि फवारा जाळीवर नाही, तिच्यावरच्या रंगाच्या थरावर, दर दहा-बारा नगांनी एकदा. थेंब दिसले म्हणजे जास्त झालं.

४. कापडाचा भुसा आणि खळ

मिलच्या पॉपलिनवर किंवा इचलकरंजीच्या केंब्रिकवर हा त्रास क्वचित होतो. हातकताईच्या खादीवर मात्र ठरलेला. सुताला लव जास्त असते. ओली जाळी कापडावरून सुटताना ती लव उपटून घेते आणि दोन-दोन तंतू भोकांत अडकून बसतात. कोऱ्या कापडाला खळ असेल तर तिची पूडही त्यात मिसळते.

कापड आधी धुऊन खळ काढा, कडक इस्त्री करा आणि छपाईच्या टेबलावर पसरल्यावर चिकट रोलर फिरवा. रोलर नसेल तर रुंद चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळूनही काम होतं. दर पंधरा-वीस नगांनी वर्तमानपत्रावर नेहमीच्या जोराने दोन हात मारा. ओला कागद खालच्या अंगाची लव ओढून घेतो. तागेच्या तागे छापायचे असतील तर प्रोसेस हाऊसकडून कापडाची लव जाळून घ्या. तिथे याला सिंजिंग किंवा गॅसिंग म्हणतात. घरच्या गॅसवर हा प्रयोग करू नका.

मलमलीचं दुखणं वेगळं. कापड इतकं विरळ की रंग आरपार जाऊन टेबलाला चिकटतो आणि स्क्रीन उचलताना कापडही वर येतं. कापड जाळीबरोबर उठलं की रंग भोकातून पूर्ण सुटत नाही आणि तिथेच वाळतो. मलमलीखाली शोषून घेणारं दुसरं सुती कापड अंथरा आणि दोन्ही टेबलाला पिनांनी किंवा टेबलगमने पक्की करा.

५. पेस्ट

इथे जरा रेंगाळावं लागेल, कारण वरून सारख्या दिसणाऱ्या पेस्टमध्ये चार वेगवेगळे दोष असू शकतात.

*गुठळ्या.* पेस्ट गाळल्याशिवाय वापरू नका. जुन्या ७७ नंबरच्या (नंबरांचा अर्थ मुद्दा ७ मध्ये) बारीक जाळीचा तुकडा किंवा नायलॉनचा पायमोजा गाळायला उत्तम. मलमलीच्या फडक्याने गाळू नका, तिचेच तंतू पेस्टमध्ये जातात. पिगमेंट आणि बाइंडर मिसळून झाल्यावर गाळायचं, आधी नाही. डब्याच्या कडेला वाळलेली साय कधीही आत ढकलू नका. ती पाण्यात विरघळणार नाही हे वर आलंच आहे. डब्यावर ओलं फडकं टाकून ठेवा आणि एका वेळी पाव किलोच स्क्रीनवर घ्या.

*फिक्सर.* भट्टी नसल्यामुळे पेस्टमध्येच फिक्सर (रंग पक्का करणारं रसायन) घालून छापण्याची पद्धत आहे. तो पडला की घड्याळ सुरू होतं आणि पेस्ट डब्यातही हळूहळू पक्की होत जाते. डब्यावर दिलेली मुदत पाळा, दोन-तीन तासांना पुरेल एवढंच कालवा आणि उरलेली पेस्ट उद्याच्या ताज्या डब्यात ओतू नका. दुपारनंतर अचानक सगळ्याच स्क्रीन चोक व्हायला लागल्या तर पहिला संशय यावर घ्या.

*पाणी.* पेस्ट दाट करणाऱ्या सिंथेटिक थिकनरला क्षार सोसत नाहीत. बोअरच्या जड पाण्यात त्याचा दाटपणा ढासळतो, मग पेस्ट पातळ झाली म्हणून आणखी थिकनर पडतो, आणि शेवटी हाती येतं ते ताणलं जाणारं, जाळीला चिकटून राहणारं प्रकरण. तपासणी फुकट आहे: दोन ग्लासांत १००-१०० मिलि पाणी घ्या, एकात बोअरचं, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत २-२ ग्रॅम थिकनर घालून सारखंच घोटा. अर्ध्या तासाने पहिला ग्लास उघड पातळ दिसला तर पेस्टसाठी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

*शिळेपणा.* पेस्टची पीएच साधारण ८ ते ९ असावी लागते आणि ती बहुधा अमोनियाने राखलेली असते. उघड्या डब्यातून अमोनिया उडून जातो, पीएच उतरते, दाटपणा बिघडतो आणि बाइंडर लवकर धरू लागतो. पीएचची कागदी पट्टी बुडवा. ७ च्या आसपास आली असेल तर खिडकीजवळ उभं राहून, हातमोजे घालून, लिकर अमोनियाचे थोडे थेंब घाला, ढवळा, पुन्हा मोजा. वास घेऊन तपासू नका. फाटलेल्या दह्यासारखी दिसणारी पेस्ट मात्र कशानेच वळणीवर येत नाही, ती टाकून द्या.

पिगमेंटचं प्रमाणही एकदा पाहून घ्या. एक किलो पेस्टमध्ये बाइंडर १०० ते १५० ग्रॅम आणि पिगमेंट ३०-५० ग्रॅमपर्यंत ठीक. सोनेरी, चंदेरी, चमकीच्या पावडरींसाठी जाळीचं भोक कणापेक्षा निदान तिप्पट मोठं हवं, नाहीतर त्या पहिल्या पाच नगांतच भोकं भरून टाकतात.

६. ग्लिसरीन आणि युरिया

लोक इथून सुरुवात करतात. हा मुद्दा मुद्दाम सहावा ठेवला आहे.

दोन्ही पदार्थ ओल धरून ठेवतात. युरिया एक किलोला २०-३० ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून. मात्र कोरड्या हवेत तो हवेतून फारशी ओल ओढत नाही, म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात ग्लिसरीन बरं. ते एक किलोला १० ग्रॅमपासून सुरू करा. ३० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. ग्लिसरीन पाण्यासारखं उडून जात नाही, कापडावरच्या पापुद्र्यातच राहतं. जास्त झालं तर छपाई क्युरिंगनंतरही चिकट लागते आणि ओल्या फडक्याने घासली की रंग सोडते. घातलं असेल तर १५० अंश सेल्सियसला तीन-चार मिनिटांची क्युरिंग नीट होतेय याची खात्री करा आणि एक नमुना धुऊन पाहिल्याशिवाय पुढचा माल छापू नका. पावसाळ्यात कोकणात हे दोन्ही घालायची गरजच पडू नये. तिथेही चोक होत असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

रंगाचं वाळणं लांबवणारा तयार रिटार्डर मिळतो, तोही चालतो. डब्यावरचं प्रमाण ओलांडू नका.

७. स्क्वीजी, उंची आणि जाळीचा नंबर

स्क्वीजीची धार काचेवर टेकवून मागून बॅटरी धरा. उजेड झिरपला तर धार वाकडी आहे. बोथट रबर रंग कापत नाही, जाळीच्या वर पातळ थर सोडत जातं आणि तो थर सगळ्यांत आधी वाळतो. कापडासाठी ६० ते ६५ शोअरचं (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) रबर घ्या आणि ते ७०-७५ अंशांत धरा.

फ्रेमच्या कोपऱ्यांखाली पुठ्ठा लावून जाळी कापडापासून २-३ मिलिमीटर वर ठेवा. स्क्वीजी पुढे गेली की मागची जाळी लगेच सुटली पाहिजे. ती चिकटून राहत असेल तर रंग भोकातच अडकतो.

आता जाळीचा नंबर, म्हणजे एका सेंटीमीटरात किंवा इंचात किती धागे. आपल्याकडे काही विक्रेते सेंटीमीटरचा नंबर सांगतात, काही इंचाचा. ४३ टी म्हणजे इंचाला सुमारे ११०, ७७ टी म्हणजे सुमारे १९५. नीट विचारून घ्या, कारण या गोंधळात पुष्कळदा भलतीच जाळी ताणली जाते. ४३ टीचं भोक साधारण १५० मायक्रॉन, ७७ टीचं ७०-८०. म्हणजे निम्मं. खादी आणि जाड सुतीला ४३ ते ५५, गुळगुळीत केंब्रिक आणि टसरला ५५ ते ६१ पुरे. ७७ फक्त खरोखर बारीक नक्षीला, आणि तेही थंड-ओल्या हवेत. रेघ निदान तीन धाग्यांएवढी रुंद असावी: ४३ टीवर ०.७ मिलिमीटर, ७७ टीवर ०.४.

८. इमल्शन आत राहिलंय

पहिल्या नगापासून कोरी जागा असेल तर बहुतेक हेच. कारणं तीन. एक्स्पोजर (इमल्शन पक्कं करायला दिलेला उजेड) कमी पडलं तर आतल्या बाजूचं इमल्शन बुळबुळीत राहतं आणि धुताना वाहून भोकांत बसतं. धुऊन झाल्यावर स्क्रीन न टिपता उभी वाळवली तर इमल्शनमिश्रित थेंब नक्षीत उतरून वाळतात. आणि पावसाळ्यात कोटिंग पुरतं सुकण्याआधीच एक्स्पोज केलं तर वेळ बरोबर असूनही ते कच्चंच राहतं. कोकणातल्या जुलैमध्ये हे तिसरं कारण आधी तपासा. कोटिंग केलेल्या स्क्रीन रात्रभर बंद अंधाऱ्या कपाटात सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत ठेवल्या की फरक दिसतो.

वेळ शोधण्यासाठी एकाच स्क्रीनवर पुठ्ठा सरकवत पाच पट्ट्या वेगवेगळ्या वेळांच्या करा. धुताना आतून बुळबुळीतपणा जाणवणार नाही अशी पहिली पट्टी तुमची वेळ. दोन्ही अंगांनी साध्या पाण्याने धुवा, कोऱ्या वर्तमानपत्राने टिपा, आडवी वाळवा. इमल्शन पाण्याच्या रंगाला टिकणारंच घ्या. प्लॅस्टिसॉलसाठीचं (पाणी नसलेल्या, प्लॅस्टिकच्या रंगासाठीचं) इमल्शन वॉटरबेस रंगात काही तासांत मऊ पडतं.

वाळलेली स्क्रीन सोडवताना

रंग नुकताच धरला असेल तर तुषार मारा, वर्तमानपत्रावर दोन-तीन हात घ्या आणि दोन्ही अंगांनी एकाच वेळी दोन ओली फडकी दाबून पुसा. एकाच बाजूने घासलं तर रंग फक्त पलीकडे ढकलला जातो. पक्का झाला असेल तर वॉटरबेस रंगाचा स्क्रीन क्लीनर लावून पाच मिनिटं ठेवा, मऊ नायलॉन ब्रशने गोल फिरवा, पाण्याने धुवा. टाचणी, तारेचा ब्रश, नख काहीही लावू नका, धागा तुटला की दुरुस्ती नाही. ब्लीचने इमल्शनच उतरतं, म्हणून नक्षी ठेवायची असेल तर त्याला हात लावू नका. आणि ब्लीच अॅसिडमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. थिनर पेटतो. बंद खोलीत नकोच.

कुठे थांबायचं

एकच स्क्रीन तीनदा साफ करूनही त्याच जागी चोक होत असेल तर साफ करणं सोडा, नवी बनवा. त्या जागी डाग बसलाय किंवा धागे सरकलेत.

ओली झाल्यावर जाळी सैल पडत असेल तर ती बहुधा नायलॉनची आहे. नायलॉन पाणी पितं आणि ढिलं होतं. पॉलिएस्टरची ताणून घ्या, २०-२५ न्यूटन प्रति सेंटीमीटर ताणावर. हे काम स्क्रीन बनवणाऱ्याकडेच द्या. घरी खिळे-स्टेपलरने एवढा ताण सारखा बसत नाही.

पट्ट्यांची चाचणी करूनही लागोपाठ तीन स्क्रीनमध्ये इमल्शन आत राहिलं तर एक्स्पोजर मशीनच्या ट्यूब जुन्या झाल्या असतील किंवा इमल्शन खराब असेल. पुढच्या स्क्रीन बाहेरून बनवून घ्या आणि मशीन तपासायला द्या. यूव्ही ट्यूब आणि तिच्या विजेच्या चोकचं (बॅलास्टचं) काम स्वतः उघडून करू नका.

बायक्रोमेट घालून बनवलेलं जुन्या पद्धतीचं इमल्शन वापरत असाल तर इथेच थांबा. त्यातलं क्रोमियम कातडीला जखमा करतं आणि कर्करोगकारक आहे. ते गटारातही सोडता येत नाही. डायझोचं किंवा तयार इमल्शन घ्या. आयसोसायनेट असलेला फिक्सरही हातमोजे आणि मोकळी हवा नसेल तर कालवू नका.

पेस्ट नवा डबा उघडल्या उघडल्याच गुठळलेली किंवा फाटलेली असेल तर तिच्यावर उपचार करत बसू नका. डब्यावरचा बॅच नंबर आणि अर्धा पाव नमुना घेऊन विक्रेत्याकडे जा.

आणि ०.३ मिलिमीटरची रेघ जाड खादीवर हवी असेल तर तिच्यासाठी हातस्क्रीनवर कुठलीच पेस्ट चालणार नाही. रेघ जाड करायला नक्षीकाराला सांगा, नाहीतर ते काम डिजिटल छपाईवाल्याकडे पाठवा.